खोल पाण्यातलं धावणं आणि माझी एक चूक

'पूर्ण आराम करा.' गेल्या पंचवीस वर्षांत हे दोन-तीन शब्द मी किती पेशंटना सांगितले असतील, याचा हिशेब माझ्याकडे नाही. पाठ दुखतेय? आराम करा. गुडघा सुजलाय? आराम करा. सांगायला सोपं, ऐकायला बरं, आणि घरच्यांनाही पटतं. आजचा लेख खोल पाण्यात धावण्याच्या व्यायामाबद्दल आहे. पण त्याआधी या शब्दांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण एका पेशंटच्या बाबतीत माझी त्यात चूक झाली आणि ती मला बऱ्याच उशिरा कळली.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या. वय बासष्ट. गावात त्यांना सगळे 'बाई'च म्हणतात, म्हणून आपणही बाईच म्हणू. दोन्ही गुडघे दुखत होते, एक्स-रेत झीज दिसत होती, जोडीला मधुमेह. मी वेदनाशामक गोळी लिहिली आणि सांगितलं, ''चालणं कमी करा, जिने टाळा, मांडी घालून बसू नका, आराम करा.'' बाईंनी आयुष्यभर मुलांकडून गृहपाठ करून घेतला होता. माझा गृहपाठही त्यांनी चोख केला. सकाळचं फिरणं बंद, बाजार बंद, देवळात जाणं बंद.

चार महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा वजन सहा किलोने वाढलं होतं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी 7.1 वरून 8.4 वर गेली होती. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागत होता. आणि गुडघे? ते आधीपेक्षा जास्तच दुखत होते. मी साखरेची एक गोळी वाढवली आणि म्हणालो, ''वजन कमी करायला हवं.''

त्यांनी विचारलं, ''कसं करू? चालायचं तर नाही ना?''

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाहेर पेशंटची रांग होती. ''खाणं कमी करा,'' असं म्हणून मी पुढचा पेशंट आत बोलावला.

मग माझीच नडगी दुखली

मी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी धावायला लागलो. हौस म्हणून नाही, भीतीने. वडिलांना मधुमेह होता आणि शेवटची चार वर्षं त्यांचं डायलिसिस चालू होतं. माझी स्वतःची एचबीएवनसी 6.2 आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, त्या आठवड्यात मी बूट विकत घेतले. धावण्याने आकडा 5.8 वर आला, झोप सुधारली, चिडचिड कमी झाली. सहा वर्षांनी मी सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करत होतो.

तयारीच्या भरात एका महिन्यात मी आठवड्याचं धावणं तीस किलोमीटरवरून पंचावन्नवर नेलं. पेशंटने असं केलं असतं तर मी त्याला झापलं असतं. डाव्या नडगीत आधी धावून झाल्यावर दुखायचं. मग धावताना दुखायला लागलं. मग रात्री पलंगावरून पाय खाली ठेवतानाही. दुखणारी जागा एका बोटाने दाखवता येत होती, आणि तिथे दाबलं की जीव कळवळायचा. हे सगळं कशाचं लक्षण आहे ते मला माहीत होतं. तरी मी दोन आठवडे बर्फ लावून धावलो.

शेवटी हाडांच्या डॉक्टर मित्राकडे गेलो. एक्स-रे स्वच्छ होता. या दुखण्यात सुरुवातीला तो बऱ्याचदा स्वच्छच असतो. एमआरआयमध्ये निदान झालं: स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला पडून किंवा मार लागून नव्हे, तर तोच तो ताण पुन्हा पुन्हा बसल्याने गेलेला बारीक तडा. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो, आणि तासाभराच्या धावण्यात अशी नऊ-दहा हजार पावलं पडतात. हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं भरून येतं. भरण्याचा वेग मागे पडला की तडा जातो.

''आठ आठवडे धावायचं नाही,'' मित्र म्हणाला.

''म्हणजे पूर्ण आराम?''

तो हसला. ''हाडाला आराम. तुला नाही.''

त्या क्षणी मला बाईंची आठवण झाली असं लिहायला मला आवडलं असतं. खरं सांगायचं तर मला फक्त माझा 5.8 चा आकडा आठवला.

तीन आठवड्यांचा पलंग आणि तीस वर्षांचं वय

आराम किती महाग पडू शकतो याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. 1966 साली अमेरिकेत डलास इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं गेलं. त्यांची जोमाने काम करताना ऑक्सिजन वापरण्याची क्षमता पाव भागाहून अधिक घटली. पुढे तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयवाढीने त्यांची शारीरिक कार्यक्षमता जेवढी घटली होती, त्याहून जास्त ती तरुणपणीच्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने घटली होती. यात एक चांगली बातमीही होती. पन्नाशीत सहा महिने बेताचा व्यायाम केल्यावर वयामुळे घटलेली ऑक्सिजन वापरण्याची क्षमता त्यांनी भरून काढली.

म्हणजे दुखऱ्या भागाला विश्रांती हवी हे खरं, पण हृदय, फुप्फुसं आणि बाकीचे स्नायू यांना त्याबरोबर शिक्षा कशाला? प्रश्न एवढाच उरतो की पायावर भार न देता धावायचं कसं. मित्राने मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिने विचारलं, ''सर, पोहता येतं ना?''

येत होतं. लहानपणी आजोळच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकलो होतो. आमच्याआधीची पिढी सुका भोपळा बांधायची. तिने मला फोमचा एक रुंद बेल्ट दाखवला. तो कमरेला बांधायचा, खोल पाण्यात उभं राहायचं आणि जमिनीवर धावतो तसे हातपाय चालवायचे. पाय तळाला लागतच नाहीत. मी म्हटलं, ''हा तर आमचा डबाच.''

पाण्यात शरीराचं काय होतं?

पहिली गोष्ट, वजन. पाणी शरीराला वर उचलून धरतं हे आपण शाळेत आर्किमिडीजच्या गोष्टीत शिकलो. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तर पायांवर साधारण निम्मंच वजन येतं, छातीएवढ्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश आणि गळ्याएवढ्या पाण्यात जेमतेम दहावा भाग. सत्तर किलोच्या माणसाचे पाय गळ्याएवढ्या पाण्यात सातेक किलो पेलत असतात. खोल पाण्यात तर पाय टेकतच नाहीत, त्यामुळे आदळणं हा प्रकारच नाही. हाड, कूर्चा, घोटा, मणके, सगळ्यांना सुट्टी.

दुसरी गोष्ट, रोध. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन आहे. त्यातून पाय पुढे न्यायलाही जोर लागतो आणि मागे आणायलाही. वेग दुप्पट केला तर पाण्याचा रोध साधारण चौपट होतो. थांबलात की रोध नाहीसा होतो. जिममध्ये वजन कमी-जास्त करावं लागतं. इथे तुमचा वेगच तुमचं वजन ठरवतो. म्हणून अशक्त माणूस आणि धावपटू एकाच तलावात शेजारी शेजारी व्यायाम करू शकतात.

तिसरी गोष्ट, दाब. पाण्याचा दाब पायांवर सर्वांत जास्त असतो. त्यामुळे पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त भरतं आणि जास्त रक्त बाहेर टाकतं. परिणाम असा की तेवढ्याच श्रमाला नाडी जमिनीपेक्षा मिनिटाला साधारण दहा ते पंधरा ठोक्यांनी कमी राहते. हातातल्या घड्याळाचा आकडा पाहून 'माझा व्यायामच होत नाहीये' असं समजू नका, आणि जमिनीवरचा आकडा गाठायला पाण्यात जिवाचा आटापिटा करू नका. छातीत जास्त आलेलं रक्त पाहून शरीराला वाटतं की आपल्यात पाणी जास्त झालंय, म्हणून लघवीही लवकर लागते. ते नॉर्मल आहे. उतरण्याआधी जाऊन या.

आणि याने दम टिकतो का? 1990 च्या दशकात सरावातल्या धावपटूंवर याचे अभ्यास झाले. चार ते सहा आठवडे जमिनीवरचं धावणं बंद ठेवून त्यांनी फक्त खोल पाण्यातलं धावणं केलं, तरी त्यांची क्षमता जवळपास होती तशी टिकली. अट एकच: पाण्यात नुसतं तरंगायचं नाही, मेहनत करायची.

पहिला दिवस

मी पहिल्या दिवशी उतरलो तेव्हा पाऊस पडत होता. आमचा तलाव उघडा आहे. खोल बाजूला, कठड्यापासून हातभर अंतरावर, बेल्ट बांधून मी धावायला लागलो. पाचच मिनिटांत मी पुढे वाकलो, हात कुत्र्यासारखे पाणी ओढू लागले आणि पाय सायकल चालवल्यासारखे फिरू लागले. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा जवळ येऊन थांबला आणि काळजीने म्हणाला, ''काका, तुम्ही बुडताय का?''

बुडत नव्हतो, पण धावतही नव्हतो. पुढच्या चार-पाच वेळांत फिजिओथेरपिस्टने काठावरून ओरडून जे शिकवलं ते तुम्हाला सांगतो.

• बेल्ट घट्ट बांधा. सैल असला तर तो छातीकडे सरकतो आणि श्वास अडतो. पाणी खांद्यापर्यंत आणि हनुवटी पाण्याबाहेर असावी.
• शरीर उभं ठेवा, अगदी किंचित पुढे झुकलेलं. झुकाव घोट्यापासून, कमरेतून वाकायचं नाही. नजर समोर, पायांकडे नाही.
• गुडघा समोर वर उचला, मग पाऊल खाली आणि मागे रेटा, जणू पायाखाली रस्ता आहे आणि तो तुम्ही मागे ढकलताय. नुसते गोल फिरणारे पाय म्हणजे सायकल.
• कोपर काटकोनात, मूठ सैल मिटलेली, हात खांद्यातून पुढे-मागे. तळव्याने पाणी ओढलंत तर काम हात करतात आणि पाय फुकट जातात.
• पुढे जाण्याचा हट्ट नको. बरोबर धावलात तर तुम्ही अगदी हळू सरकता. जागा कमी असेल तर बेल्टला दोरी बांधून ती कठड्याला अडकवतात आणि जागेवरच धावता येतं.
• पावलांचा वेग जमिनीपेक्षा कमीच राहतो. ते साहजिक आहे.

श्रम मोजायला मी नाडीऐवजी बोलण्याची कसोटी वापरतो. गप्पा मारता येत असतील तर श्रम हलके. वाक्य मध्ये तुटत असेल तर मध्यम. एकच शब्द कसाबसा निघत असेल तर जोराचे.

नव्या माणसाने पहिल्या आठवड्यात दहा ते पंधरा मिनिटं, एक दिवसाआड, हलक्या श्रमाने करावं. जमतंय असं वाटलं की वीस मिनिटं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून एक मिनिट मध्यम, एक मिनिट हलकं अशी आवर्तनं घ्यावीत. माझा नेहमीचा बेत असा होता: पाच मिनिटं हळू, मग एक मिनिट जोरात आणि एक मिनिट हळू अशी दहा आवर्तनं, शेवटी पाच मिनिटं हळू. तीस मिनिटांत मी पार गळून जायचो आणि नडगी मात्र हूं की चूं करत नव्हती. कंटाळा येतो हे मान्य करतो. तलावाची भिंत दर मिनिटाला तीच असते.

साताऱ्याची शर्यत झाली त्या रविवारी मी त्याच भिंतीसमोर धावत होतो. वाईट वाटलं. पण आठ आठवड्यांनी हाड दाबल्यावर दुखेनासं झालं, मित्राने परवानगी दिली आणि मी एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं असं पुन्हा सुरू केलं. एचबीएवनसी 5.9 होती. म्हणजे भीती जवळजवळ आहे तिथेच राहिली होती, पुढे सरकली नव्हती.

बाईंचा प्रश्न

पाण्यातल्या सहाव्या आठवड्यात केव्हातरी मला बाई आठवल्या. सकाळी सात ते आठ ही महिलांची बॅच असते. माझी वेळ संपवून बाहेर पडताना साठी-पासष्टीच्या दोन बायका कठडा धरून हळूहळू पाण्यात उतरताना दिसल्या. त्यातल्या एकीला जमिनीवर लंगडताना मी पाहिलं होतं. पाण्यात ती लंगडत नव्हती.

दुपारी मी बाईंना फोन केला आणि भेटायला बोलावलं. सगळं समजावून सांगितलं. हेही सांगितलं की गुडघ्याच्या झिजेत व्यायाम हा पथ्याचा नाही तर उपचाराचा भाग आहे. मांडीचे स्नायू गुडघ्याचा भार वाटून घेतात. ते सुकले की सगळा भार सांध्यावर येतो. चालणं बंद करायला सांगून मी नेमके तेच सुकवले होते.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, ''डॉक्टर, हे तेव्हा का नाही सांगितलंत?''

मी म्हणालो, ''तेव्हा मी विचार केला नाही, बाई. माझं चुकलं.''

खोलीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, ''या वयात मी तो पोहण्याचा पोशाख घालू?'' मला वाटलं होतं अडचण गुडघ्यांची असेल. खरी अडचण ही होती. शिवाय पाण्याची भीती. बाई जन्मात कधी पाण्यात उतरल्या नव्हत्या. सुनेने मार्ग काढला. गुडघ्याखालपर्यंत आणि कोपरापर्यंत झाकणारा पोशाख मिळतो, तो तिने आणला आणि पहिला महिना ती स्वतः बरोबर उतरली.

पहिले पंधरा दिवस बाई उथळ बाजूला, छातीएवढ्या पाण्यात, कठडा धरून नुसत्या चालल्या. मग बेल्ट बांधून, प्रशिक्षिकेचा हात धरून खोल बाजूला गेल्या. तुम्हाला पोहता येत नसेल तर हाच क्रम ठेवा. पोहता न येणाऱ्यालाही हा व्यायाम करता येतो, पण पाण्याची भीती गेल्याशिवाय आणि शिकवणारं माणूस हाताच्या अंतरावर असल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नका. हा बेल्ट तरंगायला मदत करतो. तो लाइफ जॅकेट नव्हे.

आज दीड वर्ष झालं. चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. बाईंचं वजन चार किलोने उतरलं, वाढवलेली साखरेची गोळी मी पुन्हा कमी केली आणि त्या खुर्चीतून हात न टेकता उठतात. गुडघे अजून दुखतात, पण कमी. एक्स-रे काढला तर झीज तशीच दिसेल. पाण्यातल्या व्यायामाने गुडघ्याच्या दुखण्यात पडणारा फरक बऱ्याच अभ्यासांत माफकच दिसतो, आणि व्यायाम सोडला की तो टिकत नाही. पण माफक फरकात देवळाच्या पायऱ्या चढता येतात.

कुणी करू नये, आणि कुणी जपून करावं?

हा भाग घाईत वाचू नका.

• नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, हृदयाचा पंप कमजोर असून दम लागणारा, छातीत दुखणारा किंवा रक्तदाब आटोक्यात नसलेला माणूस. पाण्यात हृदयाकडे जास्त रक्त येतं हे वर पाहिलंच. कमजोर हृदयाला ते झेपेलच असं नाही. आधी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.
• फिट्स येणारे. पाण्यात आलेली फिट जिवावर बेतू शकते.
• उघडी जखम, न भरलेले टाके, त्वचेचा संसर्ग, ताप, जुलाब, कानाच्या पडद्याला छिद्र. हे बरं होईपर्यंत थांबा. ऑपरेशननंतर कधी उतरायचं ते सर्जनच ठरवतील.
• मधुमेही, विशेषतः इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणारे. साखर उतरली की घाम येतो, पण पाण्यात घाम कळत नाही. उतरण्याआधी साखर तपासा, उपाशीपोटी उतरू नका, काठावर ग्लुकोज किंवा साखर ठेवा आणि ती कुठे आहे हे सोबतच्या माणसाला सांगून ठेवा. तळपायाची संवेदना कमी असेल तर काठावर अनवाणी चालू नका, आणि बाहेर आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करून पाय नीट बघा.
• बीटा ब्लॉकर गटाची गोळी घेणाऱ्यांची नाडी मुळातच संथ असते. त्यांनी श्रम नाडीवरून मोजू नयेत.

पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने काढून घेतं. जोरात धावणाऱ्याला 26 ते 28 अंश सेल्सिअसचं पाणी चालतं. हळू हालचाल करणाऱ्या वयस्कर माणसाला ते गार पडतं. हुडहुडी भरली तर बाहेर या. विजा चमकत असतील तर ताबडतोब बाहेर या. पाण्यातही घाम येतो, म्हणून प्यायची बाटली काठावर ठेवा. आणि एकट्याने कधीच नाही: जीवरक्षक असलेला तलावच हवा. लेख वाचून कुणी बेल्ट बांधून विहिरीत, नदीत किंवा धरणात उतरणार असेल तर कृपया उतरू नका.

या व्यायामाची एक मर्यादाही सांगतो. हाडं मजबूत राहायला त्यांच्यावर भार पडावा लागतो, आणि पाण्यात तोच तर आपण काढून घेतो. म्हणून हाडं ठिसूळ होत असलेल्यांनी, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांनी, फक्त पाण्यातल्या व्यायामावर अवलंबून राहू नये. बाईंना मी रोज खुर्चीतून दहा वेळा उठ-बस आणि थोडं चालणं सांगितलं आहे. दुखापतीतून उठलेल्या धावपटूनेही एकदम जुन्या अंतरावर जाऊ नये. पाण्यात दम टिकलेला असतो, पण हाडाची आदळ सोसण्याची सवय गेलेली असते. दम सांगतो, पळ; हाड अजून तयार नसतं.

तलाव नसेल तर?

तुमच्यापैकी अनेकांच्या गावात तलाव नाही, असला तर खोल बाजू नाही, खोल बाजू असली तर महिलांची वेळ गैरसोयीची. मला याची कल्पना आहे. तरीही हा लेख तुमच्यासाठीही आहे. पाय दुखत असेल तर बसून हातांचा व्यायाम होतो. गुडघा चालताना दुखत असेल तर जागेवरची सायकल बऱ्याच जणांना झेपते. खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा मोजेपर्यंत धरून ठेवायला एक पैसा लागत नाही.

मी माझ्या चिठ्ठीवर आता 'आराम' हा शब्द एकटा लिहित नाही. त्याच्यापुढे दोन ओळी असतात: कशाला आराम द्यायचा, आणि तोवर काय चालू ठेवायचं. पुढच्या वेळी कुणी डॉक्टर, अगदी मीसुद्धा, तुम्हाला 'आराम करा' म्हणाले, तर उठण्याआधी तीन प्रश्न विचारा. नेमक्या कशाला आराम? किती दिवस? आणि तेवढ्या दिवसांत मी काय करू शकतो? बाहेर रांग असली तरी विचारा. बाईंनी त्या दिवशी विचारलं होतं. उत्तर देण्याचं काम माझं होतं.